कोबीवरचा पहारा

आमच्या सरूकाकूला फोन केला की ती आधी विचारते, "कोण?" मी सांगते, "अपेक्षा." मग ती विचारते, "कशावरून?" सख्खी पुतणी आहे मी तिची. शहरात छावणी भागातल्या माझ्या खोलीवरून दर आठवड्याला फोन करते, माझा आवाज तिला पाठ आहे, तरी कशावरून! एकदा मी चिडून फोन आपटला. तिनं लगेच परत लावला आणि म्हणाली, "आता पटलं. हा फणकारा मपल्याच घरचा हाय."

काकू पिशोरला एकटी राहते. काका जाऊन वीस वर्षं झाली. एकुलती मुलगी मोनाली लासूर स्टेशनला दिली. दोन एकर रान, एक विहीर, एक म्हैस आणि या सगळ्यावर काकूचा चोवीस तास पहारा. मोटारीच्या पेटीला दोन कुलुपं. कुणाकडं चहाला गेली तर समोर आलेली कपबशी गोडीगुलाबीनं शेजारणीकडं सरकवणार आणि शेजारणीची आपण घेणार. दुकानातून फवारणीचं औषध आणलं तर बाटलीचं बूच उन्हात धरून बघणार, मग म्हणणार, "फोडलेलं दिसतंय," की बाटली परत. गावातले लोक म्हणायचे, सरूबाई स्वतःच्या सावलीलासुद्धा पुढं चालायला लावते, मागं राहून काय करील नेम नाही. मला हे ऐकून हसू यायचं आणि रागही यायचा.

एक मात्र सांगायला हवं, नाहीतर तुम्ही तिला उगाच खुळी समजाल. काका वारले त्या साली काकू सगळ्यांना सांगत सुटली की आपला बांध सरकलाय. दुःखानं डोक्यावर परिणाम झाला, असं भावकीनं ठरवून टाकलं. पुढं सरकारी मोजणी झाली तेव्हा बांध खरंच दोन हात आत आलेला निघाला. सरकवणारे माझे वडील होते. त्यामुळं काकूला "उगाच संशय घेऊ नको" म्हणायची वेळ आली की माझी जीभ अडखळते.

अशा या काकूचा थोडाफार भरवसा होता तो कडूबाईवर. कडूबाई बौद्धवाड्यातली. रस्त्याच्या कडेला तीन गुंठ्यांवर, हिरव्या जाळीखाली तिची रोपवाटिका आहे. वांगी, मिरची, पत्ताकोबी, फुलकोबी, सगळ्यांची रोपं पिशोर आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर तिच्याकडूनच जातात. कोबीचं बी ती पेरायच्या आधी गरम पाण्यातून काढते. पातेल्यात पाणी तापवायचं, फडक्यात बांधलेली बियांची पुरचुंडी त्यात सोडायची आणि पन्नास अंशांवर अर्धा तास ठेवायची. पाणी गारही होऊ द्यायचं नाही आणि तापूही द्यायचं नाही. थर्मामीटर धरून ती चुलीपुढं बसली की तो अर्धा तास कुणाशी बोलत नाही. बियांतून येणारा रोग पातेल्यातच मारायचा, हे ती एका शिबिरात शिकून आली आणि तिनं ते पाळलं. शिबिरात तिच्या शेजारी बसलेले बाकीचे लोक जेवणाचं ताट संपवून घरी आले, एवढाच फरक.

दोघी एका वयाच्या, साठीला टेकलेल्या. कडूबाई काकूला "तुम्ही" म्हणते आणि काकू तिला "तू" म्हणते. असं का, हे आमच्या गावात कुणी विचारत नाही.

अर्थात भरवसा म्हणजे काकूच्या मापानं. रोपं कडूबाईचीच घ्यायची, पण तिचा सल्ला घ्यायचा नाही. काकूची पत्ताकोबी घरामागच्या अर्ध्या एकरात सलग तिसऱ्या वर्षी लागली होती. कडूबाई म्हणाली होती, "सरूबाई, त्याच रानात परत कोबी नका घेऊ. औंदा तिथं मका टाका आन् कोबी रस्त्याकडच्या रानात न्या. जुन्या पाल्यात रोग राहतो." काकू तिच्यासमोर हूं म्हणाली आणि घरी येऊन मला म्हणाली, "रस्त्याकडच्या रानात लावली की जाताजाता गड्डे उपटायला सगळ्यांना बरं पडतं. घरामागची मला वट्यावरून दिसती." कडूबाईनं सांगितलं की कोबीच्या कडेनं मोहरीची ओळ लावा, मावा अन् पतंग आधी मोहरीवर जातात. काकूचं म्हणणं, "तिला मोहरीचं बी खपवायचं असंल." शेजारच्या अप्पारावनं पतंगाचे नर पकडायला कामगंध सापळे टांगले, तर काकूला वाटलं, अख्ख्या पिशोरचे पतंग हा वास दाखवून बोलावतोय आणि बसायला आमचं रान.

आता खरं तेही सांगते. एका बाबतीत तिच्या संशयाचा फायदाच झाला. दुकानातल्या औषधावर विश्वास नाही म्हणून ती निंबोळ्या स्वतः वेचते, स्वतः कुटते, रात्रभर भिजवून अर्क स्वतः गाळते आणि संध्याकाळी फवारते. तिच्या कोबीला अळीनं कधी चाळणी केली नाही. अळी ती बोटानं टिपून मारते. अळी डोळ्यांना दिसते, म्हणून अळीशी तिचं जमतं. जे दिसत नाही, तिथं घोळ झाला.

दिवाळीनंतर मी सुट्टी काढून गेले होते. पहाटे दार वाजलं म्हणून उठून बघते, तर काकू साडी खोचून कोबीत वाकलेली. दवानं पानं निथळत होती. ती एकेक झाड हातानं उघडायची, पान उलटं करायची, पिवळं दिसलं की मोडायची, पदरात टाकायची आणि ओला हात तसाच पुढच्या झाडाला लावायची. मला बघून म्हणाली, "ये. हे बघ काय केलंय."

पानाच्या कडेला पिवळा डाग होता, कडेशी रुंद आणि आत निमुळता होत गेलेला. त्यातल्या शिरा काळ्या पडल्या होत्या.

"कुणी केलंय?" मी विचारलं. खरं म्हणजे "काय झालंय" असं विचारायला हवं होतं. काकूच्या घरात चार दिवस राहिलं की आपणही तिच्यासारखंच बोलायला लागतो.

"अप्पाराव. तणनाशक मारतो. रातच्याला."

चार दिवसांत डाग असलेली झाडं दुपटीनं वाढली. काकूचा पहाराही वाढला, आणि अप्पारावचं नाव ती गावभर सांगत सुटली. आधी ती फक्त पहाटे जायची, आता पहाटे आणि दिवस बुडताना, दोनदा. तिनं बांधावर चुलीतली राख पसरली, येणाऱ्याचं पाऊल उमटावं म्हणून. सकाळी आम्ही दोघी राख बघायला गेलो. राखेत एका कुत्र्याची पावलं होती आणि बाकीची सगळी काकूची.

"बघ, कुणीच आलं नाही," मी म्हणाले.

"उडी मारून आला असंल," काकू म्हणाली. अप्पाराव पासष्ट वर्षांचा, पोट सुटलेला माणूस आहे. तो ओट्यावर चढताना खांब धरतो.

रानाच्या मधून पाण्याची चारी जाते. चारीच्या अलीकडं डाग आणि सड, पलीकडं मात्र पत्ताकोबी हिरवीगार, गड्डे टणक. कुणीही थांबून विचार केला असता. काकूनंही केला, पण तिच्या पद्धतीनं. अप्पारावला मारायचं असतं तर त्यानं त्याच्या बाजूचं मारलं असतं, आणि त्याचा बांध तर चारीच्या पलीकडं आहे. मग तो नव्हे. मग काय निराळं आहे दोन्हीकडं? तिनं आठवलं, अलीकडची रोपं पहिल्या दिवशी आणलेल्या ट्रेमधली आणि पलीकडची दुसऱ्या दिवशीच्या. ओट्यावर बसल्या जागी तिनं मांडी थोपटली. "कडूबाईनं पहिल्या दिवशी मला खराब माल दिला. मपल्याच माणसानं मला बनवलं."

मी म्हणाले, "काकू, आधी तिला विचार तरी."

"चोराला विचारून चोरी निघती व्हय?"

मी त्याच वेळी तिचा हात धरायला हवा होता. पण बांधाची ती गोष्ट आडवी आली. हिचा संशय एकदा खरा ठरलाय, पुन्हा ठरला तर, असा विचार माझ्याही मनात आला. कडूबाईबद्दल. ज्या बाईनं मला लहानपणी बोरं दिली तिच्याबद्दल. त्याची मला आजही शरम वाटते.

बाजाराच्या दिवशी काकूनं सडलेला एक गड्डा गोणीत घातला आणि भर बाजारात कडूबाईच्या रोपांपुढं टाकला. गड्डा फुटला. या रोगाला आमच्याकडं घाण्या म्हणतात, आणि तो वास ज्यानं घेतलाय त्याला नाव समजावून सांगावं लागत नाही. लोक नाकाला रुमाल लावून जमले.

"बघा हिचं रोप," काकू म्हणाली. "उद्या तुमच्या रानात हेच व्हनार हाय."

अप्पाराव गर्दीत होता. तो पुढं झाला आणि म्हणाला, "व्हय, मलाबी वाटलंच होतं."

मी लोकांचे चेहरे बघत होते. सरूबाई उठसूट कुणावरही संशय घेते, हे यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिनं अप्पारावचं नाव घेतलं तेव्हा हेच लोक हसले होते. कडूबाईचं नाव घेतलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. एका बाईनं उचललेला ट्रे हळूच खाली ठेवला. कुणीतरी पाठीमागं म्हणालं, "त्यांच्याकडून आणावंच कामून, कशाला?" रोपांवरची शंका दोन मिनिटांत बौद्धवाड्यातल्या माणसांवर गेली, आणि ती तिथं जायला आधीपासून तयारच बसली होती. फुटलेला गड्डा कडूबाईनं कागदात गुंडाळला आणि ट्रे आवरायला घेतले.

तिच्या जाळीखाली तेव्हा फुलकोबीची आठ-नऊ हजार रोपं लागवडीला आलेली होती. सगळी आधी सांगून ठेवलेली. दुसऱ्या दिवसापासून नको म्हणणारे फोन सुरू झाले. रोप काही धान्य नव्हे की कणगीत ठेवलं आणि सवडीनं विकलं. दिवस भरलेलं रोप आठवडाभरात उचललं गेलं नाही तर ट्रेमध्येच निबर होतं, मग लावलं तरी त्याला बटणाएवढं फूल येतं. हीच तिची वर्षाची कमाई होती, आणि फोन असेच येत राहिले असते तर तिची रोपवाटिकाही गेली असती.

बाजारानंतर दोन दिवसांनी भर दुपारी कडूबाई आमच्या दारात आली. मला वाटलं, आता भांडण. ती म्हणाली, "सरूबाई, मला रान दाखवा."

"कशाला? अजून काय टाकायचंय?"

"मी आत पाय ठेवत नाय. बांधावरून बघते."

तिनं खरंच आत पाय ठेवला नाही. काकूला एक सडकं झाड उपटायला लावलं आणि स्वतःच्या चाकूनं दांडा आडवा कापला. आत बांगडीसारखं काळं कडं होतं. कडूबाईनं मान हलवली. मग ती उन्हात उभी राहून बराच वेळ सगळ्या रानाकडं बघत राहिली.

"रोज कुठून शिरता?"

"ह्या कोपऱ्यातून."

"आन् जाता कुठवर?"

"चारीपस्तोर. पल्याड उडी टाकायला गुडघा साथ देत नाय. तिकडचं बांधावरूनच बघते."

"झाड कसं बघता, ते दावा बरं."

काकूला आपला पहारा दाखवायला आवडतो. ती वाकली. पान उघडलं, उलटं केलं, पिवळं मोडलं, पदरात टाकलं आणि पुढच्या झाडाला हात लावला. "असं. मपल्याशिवाय कुणाचा हात लागू देत नाय मी."

"दहिवर असताना?"

"मग? ऊन झाल्यावर अळी लपती."

कडूबाईनं कोपऱ्यापासून चारीपर्यंत बोट फिरवलं. तेवढ्यात माझ्या ध्यानात आलं. कोपऱ्यातली झाडं पार गेली होती, पुढच्या ओळी अर्ध्यामुर्ध्या, आणि काकूचे पाय जिथं थांबत होते तिथं रोग थांबला होता. राखेत उमटलेली पावलं खरंच चोराची होती.

कडूबाईनं मग सांगितलं, आवाज न चढवता. घाण्या पाण्यातून हिंडतो. पान ओलं असलं, हात ओला असला की एका झाडाचा दुसऱ्याला लागतो. मोडलेल्या पानातून तर धावतच जातो. गेल्या दोन सालांचा पाला याच मातीत गाडलेला, त्यातून पहिल्या दोनचार झाडांना लागला असणार. "पुढचा तुमच्या हातानं गेला. रोज दोन टायमाला."

"आन् तुझी पहिल्या दिवसाची रोपं?"

"मपल्या बियातून येतच नसंल, असं मी छातीठोक सांगत नाय. पन त्याच दिवशी, त्याच पेरणीतली रोपं अजून एकानं नेली. त्याला विचारा."

ती नाव घेईना. नाव मी शोधलं, आणि फार लांब जावं लागलं नाही. अप्पाराव आपल्या कोबीला पाणी देत होता. एक डाग नाही, कडेनं मोहरी पिवळीधमक फुललेली.

"अप्पा, ही रोपं कुणाची?"

"कडूबाईची."

"कधी आणली?"

तो खाली बघायला लागला. "तुझ्या काकूच्या संगटच. पहिल्या दिवशी."

"मग बाजारात बोलला कामून नाय?" रागानं माझ्या तोंडून गावाकडची भाषा आली.

"मपल्यावरचा आळ सुटत होता ना पोरी," तो सरळ म्हणाला, आणि त्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं.

मी परत आले तेव्हा कडूबाई गेली होती. काकू बांधावर बसून स्वतःचे हात बघत होती. आधी तळवे, मग मागची बाजू. मी अप्पारावचं सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "माझं पीक मीच खाल्लं. आन् तिचंबी."

पुढच्या बाजारी ती सकाळीच जाऊन त्याच जागी उभी राहिली; कडूबाईनं त्या दिवशी दुकान मांडलंच नव्हतं. मी बरोबर होते. चाळीस वर्षांत कुणापुढं चूक कबूल न केलेली बाई, घसा खाकरून मोठ्यानं म्हणाली, "ऐका. कडूबाईचं रोप चांगलं हाय. रोग मपल्या रानातला व्हता आन् मपल्याच हातानं पसरला. मी खोटं बोलले."

लोक थांबले, ऐकलं. मग एकजण हसून म्हणाला, "मागल्या बाजारी तर निराळंच सांगत होत्या."

"तवा मला उमगलं नव्हतं."

"आन् आता उमगलं? कडूबाईनं काय देऊ केलं?"

बाकीचेही हसले. काकू पुन्हा पुन्हा सांगत राहिली. अप्पारावला बोलवा म्हणाली, तर अप्पाराव त्या दिवशी बाजाराला आलाच नव्हता. रोगाचं नाव सांगितलं, दवाचं सांगितलं. जितकं जास्त सांगावं तितकं लोकांना ते पढवल्यासारखं वाटायला लागलं. वाईट बोलली तेव्हा एका वाक्यात पटलं होतं, आणि आता तास झाला तरी एकानंही रोप मागितलं नाही. मी तिचा चेहरा बघत होते. आपल्यावर कुणी विश्वास ठेवत नाही म्हणजे काय, हे ती बांधाच्या त्या सालानंतर पुन्हा अनुभवत होती.

बाजारातून ती घरी गेली नाही. थेट कडूबाईच्या जाळीपाशी गेली. कडूबाई ट्रे मोकळे करायच्या तयारीत होती, रोपं उकिरड्यावर टाकायला टोपली काढून ठेवली होती.

"ती राहिलेली फुलकोबी मला दे," काकू म्हणाली. "रस्त्याकडच्या रानात लावते. तिथं कोबी कधी झाली नाय. येणारा-जाणारा बघंल."

कडूबाईनं हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाली, "तुमच्या रानात परत गेलं, तर लोक म्हणतील, बघा, दुसऱ्यांदाबी गेलं. मग मपली रोपवाटिका संपली."

"ठाऊक हाय."

"दहिवर वाळल्याबिगर आत जायचं नाय."

"नाय जात."

"आधी चांगल्या झाडात, मग शंकेच्या. पान मोडायचं नाय. झाड बिघडलं तर मला बोलवायचं, मी येऊन मुळासकट काढीन. कडेनं मोहरी."

"लावते."

"पहारा करायचा तर बांधावरून."

यावर काकूनं कपाळाला आठी घातली. मला वाटलं, इथं मोडतंय. पण ती "बरं" म्हणाली आणि जाळीचा पडदा सारून तिनं पहिल्या ट्रेकडं हात केला.

"थांबा," कडूबाई म्हणाली. "आधी हात धुवा."

मी लहान असताना कडूबाईची आई आमच्या अंगणात काही मागायला आली, की ती गेल्यावर त्या जागेवर पाणी शिंपडलं जायचं. शिंपडणारी काकूच असायची. मी ते पाहिलेलं आहे. आजीचं बोट धरून आलेल्या कडूबाईच्या लेकानं पाहिलेलं आहे. कडूबाईला हे ठाऊक नसेल, असं होणं शक्य नाही.

काकूनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या आणि हात पुढं केले. कडूबाईनं बादलीतून मगानं पाणी घातलं, साबणाची वडी दिली. काकूनं हात धुतले.

"नखं राहिली," कडूबाई म्हणाली.

काकूनं एकेक नख घासलं. कडूबाईनं पुन्हा पाणी घातलं. काकू सवयीनं पदराला हात पुसायला गेली, तर ती म्हणाली, "पदराला नको. वाळू द्या."

मग काकू दोन्ही हात पुढं धरून जाळीच्या तोंडाशी उभी राहिली. रस्त्यानं जाणारे बघत होते, सायकलवरचा एकजण तर पाय टेकून थांबला. काकूनं हात खाली घेतले नाहीत. वाळल्यावर कडूबाईनं ट्रे उचलून तिच्या हातांत दिला.